अणूंची गोधडी आणि पोर्टलंडचे पॉलिंग



मागच्या महिन्यात आमच्या थोरलीने रसायनशास्त्राचे पुस्तक आमच्यापुढे आणून ठेवले. त्यात मूलद्रव्यांचा तक्ता होता आणि प्रत्येक चौकोनात एक छोटा आकडा. कार्बन २.५, ऑक्सिजन ३.५, फ्लोरीन ४.०. तिचा प्रश्न साधा होता. हे चार म्हणजे चार काय? चार ग्रॅम, चार व्होल्ट की आणखी काही? आम्ही दोघेही इंजिनियर. बारावीला हा तक्ता आम्ही घोकला होता, त्यावर मार्कही मिळवले होते. पण चार काय, हे विचारायचे आमच्या कधी डोक्यातच आले नव्हते. तेवढ्यात जेवायची वेळ झाली म्हणून आम्ही सुटलो!

रात्री शोधायला बसलो, आणि गंमत अशी की शोध आपल्याच गावात येऊन थांबला. पोर्टलंडच्या हॉथॉर्न रस्त्यावर, चाळिसाव्या अव्हेन्यूजवळ एक जुने घर आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्यासमोरून गाडीने गेले असतील. हे आकडे ज्याने शोधून काढले तो मुलगा त्या घरात वाढला. त्याचे नाव लायनस पॉलिंग. जन्म २८ फेब्रुवारी १९०१. ही तारीख भारतात वाढलेल्या पालकांना ओळखीची वाटेल. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना त्यांचा प्रसिद्ध परिणाम दिसला, म्हणून भारतात हा राष्ट्रीय विज्ञान दिन. निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला बरा.

लायनसचे वडील हर्मन हे औषधविक्रेते. ओरेगनच्या पूर्वेकडच्या कॉन्डन नावाच्या छोट्या गावात त्यांचे दुकान होते, पुढे ते पोर्टलंडला आले. मुलगा पुस्तकांचा इतका अधाशी की वडिलांनी १९१० साली इथल्या ओरेगोनियन वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारले, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला वाचायला काय द्यावे? हे पत्र छापून आले आणि महिन्याभरातच वडील पोटाच्या विकाराने वारले. मागे आई, लायनस आणि दोन धाकट्या बहिणी. आईने हॉथॉर्नवरचे ते घर घेतले आणि खोल्या भाड्याने देऊन, भाडेकरूंना जेवूखाऊ घालून संसार चालवला. आपल्याकडे एखादी बाई खानावळ चालवून मुले वाढवते ना, तसेच म्हणा. तिची स्वतःची तब्येतही तोळामासाच होती. लायनसने शाळेत असल्यापासून मिळेल ते काम केले.

तेरा वर्षांचा असताना लॉइड जेफ्रेस नावाच्या मित्राने त्याला आपल्या खोलीत एक प्रयोग दाखवला. साखरेत एक क्षार मिसळला आणि त्यावर सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकला. भडका उडाला आणि पांढऱ्या साखरेचा काळा कोळसा झाला. (मुलांनो, हे घरी मुळीच करायचे नाही. आई रागावेल ते वेगळेच.) लायनस त्या दिवशी घरी गेला तो रसायनशास्त्रज्ञ व्हायचे ठरवूनच. घराच्या तळघरात त्याने प्रयोगशाळा थाटली. ऑस्वेगोला, म्हणजे आजच्या लेक ऑस्वेगोला, त्याचे आजी-आजोबा राहत. तिथे एक बंद पडलेला लोखंडाचा कारखाना होता. तिथल्या ओसाड प्रयोगशाळेतून बाटल्या आणि आम्ले उचलून तो घरी आणत असे. याला चोरीच म्हणायला हवे, पण चरित्रकार हा भाग जरा हळुवारपणे सांगतात!

शाळेत आणखी एक घोटाळा झाला. पदविकेसाठी अमेरिकेच्या इतिहासाचे दोन अभ्यासक्रम लागत. ते दोन्ही एकाच सत्रात करायची परवानगी त्याने मागितली, ती मिळाली नाही. तो पदविका न घेताच बाहेर पडला. शाळेने ती दिली १९६२ साली. तोपर्यंत त्यांना एक नोबेल मिळून आठ वर्षे झाली होती.

१९१७ साली, सोळाव्या वर्षी, तो कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजात दाखल झाला. आईची इच्छा नव्हती. यंत्रशाळेतली नोकरी चांगली चालली होती, पैसे घरी येत होते. दोन वर्षांनी हात अगदीच आखडले आणि शिक्षण थांबले. उन्हाळ्यात तो दक्षिण ओरेगनमध्ये रस्त्याच्या डांबरीकरणावर तपासनीस होता. कॉलेजला परतायला पैसे नव्हते. तेव्हा कॉलेजनेच त्याला महिना १०० डॉलरवर शिकवायला बोलावले. अठरा वर्षांचा मास्तर! हे वर्ष वाया गेले असे आईवडिलांना वाटले असते. आम्हाला मात्र हेच वर्ष मोलाचे वाटते. फावल्या वेळात त्याने गिल्बर्ट लुईस आणि अर्व्हिंग लँगमुर यांचे नवे लेख वाचले. दोन अणू एकमेकांना धरून राहतात ते दोन इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवून, अशी लुईसची कल्पना होती. ही जोडी दोघांना सारखीच मिळते का, हा प्रश्न पॉलिंगपुढे बरीच वर्षे राहणार होता.

१९२२ मध्ये गृहविज्ञानाच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवायला त्याला सांगितले. पहिल्याच तासाला त्याने अमोनियम हायड्रॉक्साइडविषयी एक प्रश्न विचारला आणि एका मुलीने त्याचे चोख उत्तर दिले. ती एव्हा हेलन मिलर. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले. तोवर तो पॅसाडेनाला कॅलटेकमध्ये पोचला होता. क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंमधली अंतरे मोजायची विद्या त्याने तिथे उचलली आणि १९२५ साली डॉक्टरेट मिळवली. मग दीड वर्ष युरोप. म्युनिकला सोमरफेल्ड यांच्याकडे तो नवे पुंजयांत्रिकी शिकला. तिकडे असतानाच आई गेली.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या पालकांना आठवेल, दोन भावंडांत एक गोधडी असायची. झोपताना दोघांवर सारखी, पहाटे बघावे तर सगळी दादाच्या अंगावर! अणूंचे तसेच आहे. इलेक्ट्रॉनांची जोडी ही गोधडी. दोन्ही अणू सारखेच असतील, म्हणजे हायड्रोजन आणि हायड्रोजन, तर ती बरोबर मधे राहते. पण एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला क्लोरीन असेल तर क्लोरीन ती आपल्याकडे ओढतो. पुरती हिसकावत नाही, थोडी ओढतो. त्यामुळे क्लोरीनची बाजू किंचित ऋण होते, हायड्रोजनची किंचित धन. याला बंधाचे ध्रुवीकरण म्हणतात. अणूच्या या ओढण्याच्या ताकदीला मराठी पाठ्यपुस्तकात विद्युतऋणता असा शब्द आहे. उच्चारायला अवघड आहे, पण एकदा सुटा करून पाहिला की अर्थ आपोआप कळतो.

ही ताकद मोजायची कशी? अणूला तराजूत घालता येत नाही. पॉलिंग यांनी १९३२ साली जी युक्ती काढली ती आमच्यासारख्या हिशेबी माणसांना फार आवडली. बंध तोडायला किती ऊर्जा लागते हे प्रयोगाने कळते. हायड्रोजनच्या जोडीला १०४ (किलोकॅलरी, दर मोलला), क्लोरीनच्या जोडीला ५८. आता एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन यांचा बंध तोडायला किती लागावी? दोघे सारखेच वाटून घेत असतील तर सरासरी, म्हणजे ८१. प्रत्यक्षात लागते १०३. हे जास्तीचे २२ आले कुठून? गोधडी एका बाजूला ओढली गेली, टोके धन आणि ऋण झाली, आणि धन-ऋणाचे आकर्षण बंधात भर घालते. म्हणजे ओढाताण जितकी विषम, तितका बंध सरासरीहून पक्का.

पॉलिंग इथे थांबले असते तर हाती नुसती जोड्यांची यादी राहिली असती. त्यांच्याकडे दहा मूलद्रव्ये होती, म्हणजे पंचेचाळीस जोड्या. पण त्यांच्या लक्षात आले की या जास्तीच्या ऊर्जेचे वर्गमूळ घेतले तर आकडे एकमेकांत मिळवता येतात. पुणे मुंबईहून सुमारे ५५० मीटर उंच, महाबळेश्वर पुण्याहून सुमारे ८०० मीटर उंच. मग मुंबईहून महाबळेश्वर किती उंच हे वेगळे मोजावे लागत नाही, बेरीज पुरते. तसेच हे. पंचेचाळीस जोड्यांच्या जागी फक्त दहा आकडे! दर अणूला एक. संगणकाच्या कामात अशी युक्ती कोणी काढली तर आम्ही त्याला चहा पाजतो.

ताळा करून पाहू. २२ ला २३ ने भागा (किलोकॅलरीचे इलेक्ट्रॉन-व्होल्ट करण्यासाठी), आले ०.९६. त्याचे वर्गमूळ ०.९८. आणि तक्त्यात? क्लोरीन ३.०, हायड्रोजन २.१, फरक ०.९. अगदी तंतोतंत नाही, पण आम्ही खूश झालो.

तर लेकीच्या प्रश्नाचे उत्तर असे. ते चार म्हणजे खरे तर ऊर्जेचे वर्गमूळ, पण एकक कोणी लिहीत नाही. आणि शून्य कुठे ठेवायचे हे सोयीने ठरवलेले आहे, जशी उंची समुद्रसपाटीपासून मोजायची हे ठरवले. १९३२ च्या लेखात पॉलिंग यांनी हायड्रोजनलाच शून्य धरले होते, तेव्हा फ्लोरीन २ होता. नंतर सगळे आकडे वर सरकवले, म्हणजे कार्बन २.५ आणि फ्लोरीन ४.० असे सुटसुटीत आकडे आले. एकट्या चारला अर्थ नाही, अर्थ आहे दोघांतल्या फरकाला.

आता हा फरक घेऊन स्वयंपाकघरात चला. तेलाचा रेणू म्हणजे बहुतेक सगळा कार्बन आणि हायड्रोजन. त्यांच्यात फरक ०.४, म्हणजे ओढाताण जवळजवळ नाहीच. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन, फरक १.४. पाण्याचे रेणू आपापली धन-ऋण टोके जुळवून एकमेकांना धरून बसतात. धरायला टोकेच नसलेल्या तेलाला ते आपल्यात घेत नाहीत. फोडणीच्या कढईत पाण्याचा थेंब पडला की तो तेलात मिसळत नाही, तळाशी जाऊन त्याची वाफ होते आणि मग उडते ती चुरचुर.

दुसरे उदाहरण. इथेन आणि मिथेनॉल हे जवळजवळ सारख्याच वजनाचे रेणू, ३० आणि ३२. इथेन उणे ८९ अंशांवर उकळतो, मिथेनॉल ६५ अंशांवर! मिथेनॉलमध्ये एक ऑक्सिजन आहे, एवढाच काय तो फरक. त्याने आपल्या हायड्रोजनची गोधडी इतकी ओढली आहे की तो उघडा हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला जाऊन बिलगतो. या बिलगण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. पॉलिंग यांच्या आयुष्यात तो पुन्हा भेटणार आहे.

ओढ शेजाऱ्यापाशीच थांबत नाही. आजोळी एका रांगेत पाच मुले झोपलेली असायची आणि कडेचा एकजण जोरात पांघरूण ओढायचा, त्याचा हिसका तिसऱ्यालाही लागायचा. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला तर ते आम्ल सुमारे ऐंशी पट तीव्र होते, कारण क्लोरीन साखळीभर इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो आणि पलीकडच्या टोकाचा हायड्रोजन सैल होऊन सहज सुटतो. मात्र क्लोरीन साखळीत एकदोन कार्बन लांब बसवला की हा परिणाम झपाट्याने ओसरतो. पाचव्या मुलाला हिसका जाणवत नाही, तो झोपूनच राहतो.

आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचा अर्धा संसार ज्यावर चालतो तो कार्बन म्हणजे ऑक्सिजनने दोन्ही हातांनी धरलेला कार्बन. त्याच्या अंगावर पांघरूण फारसे उरत नाही. मग ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन जास्तीचे आहेत तो त्याच्याकडे धावतो. ग्लुकोज साखरेत तर त्याच रेणूतला दुसऱ्या टोकाकडचा ऑक्सिजन या कार्बनला येऊन चिकटतो. साप आपलीच शेपूट धरतो तसे कडे तयार होते. पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजचे शंभरातले नव्याण्णवहून जास्त रेणू असे कडे करून असतात.

रेणू कुठे चिकटेल, कुठे तुटेल हे अशा एका छोट्या वजाबाकीने सांगता येऊ लागले. पॉलिंग यांनी हे सगळे १९३९ साली रासायनिक बंधांवरच्या आपल्या पुस्तकात मांडले. ते पुस्तक त्यांनी लुईस यांना अर्पण केले, ज्यांचे लेख कॉर्व्हॅलिसला वाचले होते त्यांनाच.

१९४८ साली ऑक्सफर्डला असताना सर्दीने अंथरुणावर पडले होते. कंटाळून कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि तो कागद घड्या घालून गुंडाळू लागले. धन टोक ऋण टोकासमोर येईल, हायड्रोजन बंध जमतील, अशी गुंडाळी करताना मळसूत्र तयार झाले. हेच ते अल्फा हेलिक्स, १९५१ साली प्रसिद्ध केलेले. १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या रेणूवरचा विद्युतभारच वेगळा असतो. पुढे इतरांनी शोधले की एका जागी आम्लधर्मी तुकडा जाऊन त्याऐवजी निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा, म्हणजे तेलकट, तुकडा येतो आणि रेणू एकमेकांना चिकटतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार आजही कितीतरी आदिवासी कुटुंबांत आहे. इतका छोटा फरक आणि केवढे दुखणे.

मात्र याच माणसाने एक घोडचूक केली. १९५३ च्या फेब्रुवारीत त्यांनी डीएनएची रचना छापली, तीन साखळ्यांची, फॉस्फेटचे गट मधोमध. त्या फॉस्फेटवर त्यांनी हायड्रोजन तसेच ठेवले होते. पण फॉस्फेटचे ऑक्सिजन इतके ओढखोर की पाण्यात हायड्रोजन तिथे टिकत नाही. तो सुटतो, गट ऋण होतो, आणि मधोमध दाटीने बसलेले ऋण गट एकमेकांना ढकलतात. डीएनए हे आम्ल आहे ते यामुळेच. विद्युतऋणतेचे आकडे ज्याने जगाला दिले त्याला हे दिसले नाही. लेखाचा कच्चा मसुदा त्यांचा मुलगा पीटर याच्याकडे केंब्रिजला आला होता, तो वॉटसन यांनी पाहिला आणि त्यांना चूक लगेच कळली. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांची दुहेरी साखळी छापून आली. पुष्कळ लोक सांगतात की १९५२ साली सरकारने पासपोर्ट नाकारल्यामुळे पॉलिंग यांना लंडनची छायाचित्रे पाहता आली नाहीत. आम्हाला हे पटत नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांना पासपोर्ट मिळाला आणि ते युरोपला जाऊन आले. घाई झाली, एवढेच.

पासपोर्ट नाकारला गेला तो त्यांच्या राजकीय मतांमुळे. अणुबाँबच्या चाचण्यांतून हवेत पसरणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीविरुद्ध ते आणि एव्हा हेलन बोलत होते. १९५४ साली रासायनिक बंधांवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. १९५८ मध्ये दोघांनी जगभरच्या शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून संयुक्त राष्ट्रांना दिल्या. त्यांचा आकडा पुढे ११ हजारांवर गेला. वर्तमानपत्रांनी झोडपले, कॅलटेकमधले विभागप्रमुखपद सोडावे लागले. १९६२ चे शांततेचे नोबेल त्यांना १९६३ च्या १० ऑक्टोबरला जाहीर झाले. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार त्याच दिवशी अमलात आला होता. दोन वेगवेगळी नोबेल, दोन्ही एकट्याला, असे आजवर फक्त त्यांनाच मिळाले आहे.

उतारवयात ते क जीवनसत्त्वाच्या मागे लागले. १९७० साली सर्दीवर पुस्तक लिहिले, पुढे कर्करोगावरही त्याचा उपयोग होतो असे म्हणू लागले. मेयो क्लिनिकच्या तपासण्यांत कर्करोगावर फायदा दिसला नाही आणि त्यांनी ते अखेरपर्यंत मानले नाही. आमच्या घरीही संत्र्याच्या चवीच्या त्या गोळ्यांची बाटली आहे, सर्दी मात्र ठरल्या वेळी येतेच! एव्हा हेलन १९८१ साली गेल्या आणि पॉलिंग १९ ऑगस्ट १९९४ रोजी, कॅलिफोर्नियात बिग सूरच्या आपल्या घरी, त्र्याण्णव वर्षांचे होऊन.

त्यांच्या संशोधनाच्या ४६ वह्या कॉर्व्हॅलिसच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत आणि संगणकावर कोणालाही पाहता येतात. आम्ही काही पाने उघडून पाहिली. रकानेच्या रकाने हाताने केलेली आकडेमोड.

मोठ्या मुलांसाठी गणित: हायड्रोजनची जोडी १०४, ब्रोमिनची जोडी ४६, आणि हायड्रोजन-ब्रोमिन बंध ८८. वर केला तसाच हिशेब करा. तक्त्यात ब्रोमिन २.८ आहे. तुमचा आकडा किती जवळ येतो ते कागदावर लिहून पुढच्या रविवारी वर्गात आणा. कॅल्क्युलेटर चालेल, आईबाबा चालणार नाहीत.